पायवाले डॉक्टर

डॉक्टर वडतकर माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यांत शेवटी बघत. आधी चादर वर करायची, पावलावर दोन बोटं ठेवायची, डोळे मिटून पायाची नाडी लागते का ते बघायचं, आणि मग विचारायचं, "हं, नाव काय म्हंता तुमचं?" नव्या रोग्याला वाटे, डॉक्टर आपल्या पाया पडतोय की काय. एका म्हाताऱ्यानं तर घाईघाईनं पाय ओढून घेतला होता आणि "बाप्पा, मले काहून पापात पाडून राह्यले?" म्हणत उलट त्यांनाच हात जोडले होते.

अमरावतीच्या त्या सरकारी दवाखान्यात मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाची सिस्टर होते. मूळची मी अकोल्याची. नोकरीला लागले तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, नंतर मुंबई राज्यात गेलो आणि मग महाराष्ट्रात आलो. राज्यं बदलत गेली, वॉर्डातल्या खाटा मात्र त्याच राहिल्या, ढेकणांसकट. त्या खाटांवर नाना तऱ्हेचे रोगी असत, पण लोक वडतकरांना ओळखत ते 'पायवाले डाक्टर' म्हणून. माणूस चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. शिकायला बरीच वर्षं बाहेर राहिलेला, तरी रोग्याशी बोलू लागला की थेट गावचा. इतर डॉक्टरांशी मात्र शुद्ध बोलत. आमच्याशी जास्तच शुद्ध बोलू लागले की समजावं, साहेब चिडले आहेत.

चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. आमच्या मेट्रनच्या भाच्याच्या लग्नात एक गृहस्थ "ओळखलं का डाक्टरसाहेब?" म्हणून समोर उभे राहिले. साहेब नुसते बघत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. मांडवात येताना गृहस्थांनी जोडे काढलेले होते. "अरे! बाबाराव! टिकला न आंगठा तुमचा!" असं ओरडून साहेब भर मांडवात खाली बसले आणि त्यांचा अंगठा दाबून बघू लागले. वरमाय हातातलं तबक घेऊन बघतच राहिली.

हसण्यासारखं एवढंच. बाकी त्या रोगात हसण्यासारखं काही नव्हतं.

पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत जातात. रोगी बहुतेक बिडी ओढणारे, भर उमेदीतले. आधी चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. मग बसल्या जागी पाय ठणकायला लागतो. रात्री झोप नाही. पाय खाटेखाली लोंबता सोडला तर जरा हलकं वाटतं, म्हणून माणूस बसून पेंगत राहतो. पुढं ठेचेचं निमित्त होतं, जखम भरत नाही, बोट काळं पडतं आणि ते काळं वर चढत जातं. त्यावर तेव्हा डॉक्टरांच्या हाती दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे कमरेतली नस कापण्याची शस्त्रक्रिया. तिनं पायाच्या शिरा सैल होतात आणि रक्त खाली उतरतं, असं म्हणत. दुसरी म्हणजे पाय कापणं. पहिली केल्यानं दुसरी खरोखर टळते का, एवढा एकच प्रश्न वडतकरांनी नोकरीभर उराशी धरला होता. उत्तर मिळालं की आपण सुखानं पेन्शनीत जाऊ, असं ते म्हणत.

बिडीवरून ते रोग्यांना फार बोलत. राउंडला खाटेपाशी उभे राहून नुसता तळहात पुढं करत, की रोगी मुकाट्यानं बँडेजमध्ये लपवलेला बिडीचा कट्टा काढून त्यावर ठेवी. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, ही माणसं सुधारायची नाहीत." व्हरांड्यात आल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, दिवसभर जिनिंगच्या कारखान्यातला कापूस नाकातोंडात घेणाऱ्या माणसाला दुसरं कोणतं सुख आहे ते मला सांगा. मी तेच लिहून देतो." मला त्यांचा राग आला, कारण कट्टे जप्त करून ते ठेवायला माझ्याचकडे देत.

आमच्या वॉर्डात 'कसं आहे?' हा प्रश्न विचारायला बंदी होती. नव्या डॉक्टरांना हे चमत्कारिक वाटे. पण वऱ्हाडातला माणूस बाजारात, पंचायतीत कितीही सडेतोड बोलो, ज्यानं आपल्यासाठी हात चालवला त्याला तो 'गुण नाही आला' असं तोंडावर म्हणणार नाही. जेवायला बोलावणाऱ्या बाईला भाजी अळणी झाली म्हणून सांगावं, तसं त्याला वाटतं. डॉक्टरानं 'कसं आहे?' म्हटलं की हात जोडून "बरं हाय साहेब." बोट गळून पडलेलं असलं तरी बरं हाय. आणि नवा डॉक्टर खुशीनं कागदावर 'सुधारणा' लिहून मोकळा. वडतकर तो कागद बघून शुद्ध मराठीत विचारत, "हे तुम्ही रोग्याच्या पायाचं लिहिलंत की त्याच्या चांगुलपणाचं? रात्री पाय खाटेवर होता की खाली, एवढं विचारून या."

चालण्याचंही तेच. रोगी न थांबता कुठवर चालतो हे बघायला ते त्याला आवारातल्या कडुनिंबांच्या रांगेतून चालवत. पण डॉक्टर बरोबर आहे म्हटल्यावर माणूस दातओठ खाऊन चालतच राही. म्हणून मग साहेब मागून चालू लागले, आणि आपलं लक्ष नाही हे दाखवायला मला बरोबर घेऊ लागले. "मग सिस्टर, अकोल्याकडं हरभरा काय म्हणतो?" मला हरभऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी काहीबाही सांगे, तेही ऐकत नसत. नजर पुढच्याच्या पोटरीवर. तो माणूस थांबला, वाकला, त्यानं पोटरी धरली, की आमचा हरभरा तिथंच संपायचा.

इतकी खबरदारी घेणारा माणूस सुखदेवच्या बाबतीत फसला.

सुखदेव नांदगाव खंडेश्वरकडचा, जिनात मजुरी करणारा. धम्मदीक्षेनंतरची ती वर्षं होती. घरात बुद्धाची तसबीर नवी लागलेली आणि पोराला हायस्कुलात घालायचंच, असा नवराबायकोचा निश्चय. डाव्या पायाच्या करंगळीशी जखम होती. साहेबांनी त्याची कमरेतली नस कापली आणि जखम भरत आली. रोज सकाळी ते ती जखम बघायला लहान मुलासारखे लगबगीनं येत. ती पुरती मिटली त्या दिवशी इतके खूश झाले, की पाय खाटेवर होता का, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. जखम भरली, रोगी घरी गेला, आणि कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बरा'.

पुढच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर अकोल्याला होते. साहेबही कामानिमित्त आले होते, तर मला घेऊन तिथल्या दवाखान्यात गेले. तिथले सर्जन डॉक्टर मुळे त्यांचे दोस्त, आणि थोडे प्रतिस्पर्धीही. 'अमरावतीत ते ऑपरेशन रामबाण आणि अकोल्यात निकामी, हे कसं?' यावर दोघांची नेहमीची जुगलबंदी चाले. मुळे आपला वॉर्ड दाखवत होते. एका खाटेपाशी थांबून म्हणाले, "हा बघा. गुडघ्याखाली कापला. पहिल्या झटक्यात जखम भरली. एकदम बरा." चादर वर झाली. डावा पाय नव्हता. वडतकरांनी सवयीनं उजव्या पावलावर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि पावलाची बोटं एकेक चाचपली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "सुखदेव?"

तो बहिणीकडे राहायला आला होता आणि तिथं पाय काळा पडत गेला होता. त्यानं उठून बसत हात जोडले. "बरं हाय साहेब."

"हा तुमचा पेशंट?" मुळ्यांनी विचारलं.

"हो. माझ्याकडं बरा झाला होता."

एकच माणूस. अमरावतीच्या हिशेबात एक बरा, अकोल्याच्या हिशेबात आणखी एक बरा. त्या खाटेवर मात्र एक बिनपायाचा मजूर बसला होता. साहेब त्याच्याजवळ टेकले.

"सुखदेव, खरं सांग. तुले काय पायजे होतं?"

तो माझ्याकडे बघू लागला, मग मुळ्यांकडे. "हे पयले कोनी इचारलंच नाही साहेब."

"आता इचारून राह्यलो न."

"मले झोप पायजे होती. अन् जिनात उभं राह्यता आलं पायजे होतं. जखम भरली, पन पाय ठणकेच. तुमी एवढे खुशीत होते, तुमाले कसं सांगू? अख्खा सीजन घरी बसून काढला. पोट्ट्याची शाळा सुटली. मले वाटते, पयलेच कापला असता त लाकडाचा पाय लावून कुठी चौकीदारी तरी धरली असती." एवढं बोलून तो स्वतःच घाबरला. "पन तुमी लय केलं साहेब माह्यासाठी. बरं हाय आता."

सुट्टी संपवून मी त्यांच्याच गाडीनं परतले. मूर्तिजापूरला गाडी थांबली. तिथं चहा घेतला, तो हातातच निवला. "सिस्टर, मी पाय वाचवत होतो," ते म्हणाले. "त्याला झोप हवी होती." मी म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" त्यावर म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर थांबवता आलं असतं."

त्यानंतर त्यांना एका गोष्टीचं वेडच लागलं. वऱ्हाडात ही शस्त्रक्रिया करणारे जे चार-सहा डॉक्टर होते, त्या सगळ्यांनी एकच माप वापरायचं. तोवर कोणी पाय हाताला गरम लागला की यश म्हणे, कोणी नाडी लागली की, कोणी जखम भरली की. ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या सोयीचं, आणि पीक सगळ्यांचंच सोळा आणे. साहेबांचं म्हणणं साधं होतं. वर्षभरानं प्रत्येक रोग्याला तेच पाच प्रश्न विचारा. झोप लागते का आणि पाय कुठं ठेवून? न थांबता कुठवर चालतो? जखम आहे का? पाय आहे का? कामावर गेला का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ज्यानं ऑपरेशन केलं त्यानं स्वतः विचारायचं नाही, कारण त्याला 'बरं हाय'च ऐकायला मिळणार.

एका रविवारी मुळ्यांच्या अकोल्याजवळच्या मळ्यात सगळे जमले. मीही होते, आमच्या वॉर्डात कसं विचारतो ते सांगायला. चुलाणावर वांग्याची भाजी रटरटत होती, गोवऱ्यांत रोडगे भाजत होते, आणि चिंचेखाली डॉक्टर लोकांची जुंपली होती. "पेशंट पाय लोंबता सोडून झोपतो, हे काय सायन्स झालं?" "वर्षानं कोण परत येतो हो? कापसाची वेचणी सोडून?" "म्हणजे आम्ही केलेल्या ऑपरेशनचा निकाल दुसऱ्यानं लावायचा? आमच्यावर भरवसा नाही?" साहेब प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होते. मग जेवणं झाली. भाजी झणझणीत झाली होती, तुपात बुडवलेले रोडगे पोटात गेले आणि सगळ्यांचा सूर मऊ झाला. "हो हो, वडतकर. करू ना. तुम्ही म्हणता तसंच करू."

साहेब त्या दिवशी जितके आनंदात होते तितके मी त्यांना कधी पाहिले नाही. परत येताना मी म्हटलं, "साहेब, मला यांचं 'करू ना' आपल्या रोग्यांसारखं वाटलं." "छे छे," ते म्हणाले, "शिकलेली माणसं आहेत, सिस्टर."

वर्ष सरलं. एकेकाचे निकाल आले आणि साहेब ते माझ्या टेबलाशी बसून वाचू लागले. एकानं रोगी घरी जातानाच स्वतः विचारून घेतलं होतं. सगळे बरे. दुसऱ्यानं ज्यांचे पाय पुढं कापावे लागले त्यांना मोजणीतूनच वगळलं होतं. ते आता आपले रोगी नाहीत, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्यानं जे परत आलेच नाहीत त्यांना बरे झालेल्यांत धरलं होतं. गुण आला म्हणूनच फिरकले नाहीत ना! मुळ्यांनी काहीच केलं नव्हतं. 'वेळ झाला नाही, माफ करा,' एवढंच त्यांनी कळवलं. साहेब म्हणाले, "त्यातल्या त्यात हाच खरं बोलला."

मला अजूनही त्या माणसांचा संताप येतो. कोणी लबाड नव्हतं, तेच तर वाईट. लबाड असते तर साहेब भांडले असते. ते भांडले नाहीत. त्या तिसऱ्याच्या न फिरकलेल्या रोग्यांपैकी एकाचा पत्ता दर्यापूरकडचा होता. साहेब एसटीनं स्वतः त्या गावी गेले. ओसरीवर रोग्याचा बाप बसला होता. पोराचं नाव काढताच म्हणाला, "तो त पोयाच्या सनाले वारला बाप्पा. पाय वरतपर्यंत सडला होता." मग पाहुण्याला चहा ठेवायला सांगून वर म्हणाला, "पन दवाखान्यातून आला तवा बरा होता हो. डाक्टर मोठा देवमानूस." हे मला सांगताना साहेब हसायला लागले, आणि ते हसणं मला बघवेना. मी उठून ड्रेसिंगच्या खोलीत गेले.

त्यानंतर ते राउंडला येत, पावलांवर बोटं ठेवत, पण कोणाला काही विचारत नसत. निंबाखालचं चालणं बंद झालं. कमरेची ती शस्त्रक्रिया त्यांनी हळूहळू कमी केली. ती कुचकामी आहे असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे. ती कामाची आहे की कुचकामी, हे त्यांना कळत नव्हतं आणि आता कळेल अशी आशाही उरली नव्हती. तरुण डॉक्टर म्हणू लागले, म्हाताऱ्याचा हात गेला.

माझी अकोल्याला बदली झाली. निघायच्या दोन-चार दिवस आधीची दुपार. भातकुलीकडून एक जोडपं आलं होतं. भाजीचा आणि फुलांचा मळा करणारी माणसं. नवऱ्याचा अंगठा काळा पडलेला, आणि पाय इतका दुखरा, की चादरीचा स्पर्श सोसत नव्हता. बाईचं नाव कौसाबाई. तिनं साहेबांनी पाय तपासून होईपर्यंत दम धरला आणि मग थेट विचारलं, "डाक्टरसाहेब, कमरेतली ते नस कापली त याचा पाय राहीन का?"

आयुष्यभर हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. आता तो एका बाईनं विचारला, आणि तिला उत्तर आजच हवं होतं.

"मले मालूम नाही, बाई."

तिला वाटलं, आपण नीट विचारलं नाही. "नाही, म्हनजे, तुमच्या हातानं केलं त?"

"माह्या हातानं केलं तरी मालूम नाही. काहीचा राह्यते, काहीचा जाते. कोनाचा राहीन, ते सांगता येत नाही."

"एवढी वर्सं तुमी पायच पाहून राह्यले न? तुमाले मालूम नाही त मंग कोनाले मालूम हाय?"

"कोनालेच नाही. मालूम करून घेता आलं असतं. आमी घेतलं नाही."

मी मागून हळूच म्हटलं, "साहेब, हो म्हणा ना. तिला तेवढाच धीर." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि नुसती नकाराची मान हलवली. कौसाबाई रागावली नाही. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "इथल्या बजारातला नवा प्रायवेट डाक्टर त म्हंते, शंभर टक्के राहीन," ती म्हणाली. साहेबांनी काही बोलावं म्हणून ती थांबली होती, हे मला दिसत होतं. मग ती उठली.

बाहेर रिक्षा उभी होती, पायानं चालवायची. नवऱ्याला उचलून बसवलं, पण पाय कुठं ठेवायचा हा प्रश्न पडला. फळीवर टेकवला की तो कळवळे, लोंबता सोडला की हिसका बसे. साहेब पुढं झाले आणि टाच दोन्ही तळहातांवर झेलून धरली. "चाल," ते रिक्षावाल्याला म्हणाले, "आस्ते." रिक्षा निघाली आणि तिच्याबरोबर ते कमरेत वाकून चालू लागले. आवार संपलं. फाटक मागं पडलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी फाटकापाशी उभी होते. फाटकापुढं लगेच उतार लागला तसा रिक्षावाला ब्रेक दाबत म्हणाला, "साहेब, सोडा आता. गाडी धावते अठून पुढं."

कौसाबाई फळीवर नवऱ्याच्या पायाशी सरकून बसली. साहेबांनी तिचे हात धरले, टाच खालून कशी झेलायची, बोटांना धक्का कसा लागू द्यायचा नाही ते तिला दोनदा करून दाखवलं, आणि तो पाय तिच्या ओंजळीत दिला. मग रिक्षा उतारानं नव्या डॉक्टरच्या दवाखान्याकडे गेली.